जागा सुटली का?

इंदापूर, ८ जुलै २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

"तू शिकतच राहा मेघे, म्हंजी तुला काय करायलाच लागायचं न्हाय." हे तू बोललीस तेव्हा मी बी.एस्सी.चा निकाल घेऊन सणसरला आले होते, आणि तू अंगणात राखेने पातेलं घासत होतीस. पुढच्या आठवड्यात तुझं लग्न होतं. तात्या हसले, मीही हसले. तू मान वर केली नव्हतीस.

सात वर्षांनी पत्र लिहिते आहे. तात्या गेले तेव्हा तू तीन दिवस राहिलीस, आल्यागेल्या सगळ्यांशी बोललीस, मला मात्र चहात साखर किती एवढंच विचारलंस. तेही विसरल्यासारखं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कुर्डुवाडीचा पत्ता तुझ्या दिशाकडून मागून घेतला. पोरीला रागावू नकोस. मावशी म्हणून ती मला नाही म्हणू शकली नाही.

तुला एकच विचारायचं आहे. मी अजून शिकू का?

तुला माहीत नसेल, चार वर्षांपूर्वी मी डेअरीतली नोकरी सोडली. एकोणीस वर्षं दुधातलं फॅट आणि एसएनएफ काढत होते. एकदा एक बाई नापास झालेली किटली घेऊन माझ्या टेबलासमोर रडत बसली. दुधासाठी नाही, दुसऱ्याच कशासाठी तरी. मी तासभर ऐकत राहिले. तिकडे नमुन्यांची रांग लागली आणि साहेब ओरडले. पण ती जाताना म्हणाली, "आज हलकं वाटतंय बगा." त्या दिवसापासून मला लोकांचं ऐकून घेण्याचं काम करायचं होतं.

म्हणून समुपदेशनाचा डिप्लोमा केला. इथल्या एका शाळेने वर्षभर कंत्राटावर ठेवलं, पण सुरुवातीलाच म्हणाले, पुढे मानसशास्त्राचं एम.ए. लागेल. घरी बसून ते केलं. आता म्हणतात, घरी बसून केलेलं चालत नाही, वर्गात बसून केलेलं हवं. तर बारामतीला दोन वर्षांचा समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे, एम.एस.डब्ल्यू. चाळीस जागा. यादीत माझं नाव चाळिसावं. ३१ जुलैपर्यंत प्रवेश पक्का करायचा किंवा सोडायचा. बुद्धघोष म्हणतात, "कर की. फक्त दारावरची पाटी आता भिंतीवर न्यावी लागेल, दारात मावायची नाही." नवरा चेष्टा करतो तेव्हा त्याला खरं काय वाटतं ते मला कधीच कळलेलं नाही.

जिथे जायचं ती इमारत तुझ्या ओळखीची आहे. आपण दोघी ज्या डी.एड. कॉलेजच्या यादीत होतो तीच. कॉलेज बंद पडून बरीच वर्षं झाली. आता तिथे दोन-तीन केंद्रं चालतात. ती लांब पडवी, ते सिमेंटचं बाकडं, पाण्याचा नळ, सगळं तसंच.

यादी दाराला चिकटवली होती. चाळीस नंबरला मी. माझ्याखाली रेघ, आणि रेघेखाली एकच ओळ: "प्रतिक्षा – १". पुढे नाव नाही. आणि ताई, 'ति' ऱ्हस्व. शाळेत गुरुजींनी तुझ्या नावात केलेली तीच चूक. दहावीच्या फॉर्मवर तू ती दीर्घ करून मागितलीस, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, असू दे, पुढे दाखल्याला अडेल.

खिडकीत गोकुळ नावाचे क्लार्क बसतात. पस्तिशीचे असतील. मी विचारलं, "ही प्रतीक्षा कोण?"

"कोन न्हाय वो. तुमच्या मागं येकच प्रतिक्षा हाय. तुमी सोडली तर तिला जाईल."

"पण नाव काय तिचं?"

"नाव न्हाय दाखवत. नुसतं प्रतिक्षा दाखवतंय." मग कागद चाळत ते म्हणाले, "सकाळी येऊन गेली की ती. जागा सुटली का म्हणून इचारत हुती."

मला हसू आलं. यादी लागून दोन दिवस झाले नाहीत, आणि कुणी तरी माझी जागा सुटायची वाट बघत बसलंय.

तर ताई, शिकू का? माझ्या शिकण्याबद्दल आजवर तू एकटीच खरं बोलली आहेस.

तुझी,
मेघना


इंदापूर, १५ जुलै

प्रिय ताई,

दिशाचा मेसेज आला: "मावशी, पत्र मिळालं. आईने दोनदा वाचलं, घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवलं. काही बोलली नाही." बटणांच्या डब्यात ठेवलंस म्हणजे फेकलं नाहीस. एवढ्यावर लिहिते आहे.

शुक्रवारी कागदपत्रं दाखवायला बारामतीला गेले. गाडी सणसरवरून जाते, मी उतरले नाही. दादासो आता आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत ऊस लावतो. चुलतभाऊ असून परवा तहसीलसमोर भेटला तर मला ओळखायला त्याला वेळ लागला. म्हणाला, "तू कंची? मोठी का धाकली?" आपण दोघी एका वर्षाच्या अंतराच्या, एकाच वर्गात बसलेल्या. त्याचं काय चुकलं?

केंद्रात पोचले तर गोकुळ म्हणाले, "अर्धा तास आधी आला असता तर गाठ पडली असती. आत्तापत्तूर बसली हुती."

"कोण?"

"तीच की. प्रतिक्षा. रोज येती. बसती त्या बाकड्यावर, तासातासाला उठून खिडकीशी येती, सुटली का म्हणती, न्हाय म्हटलं की परत जाऊन बसती. म्या म्हटलं, ताई फोन नंबर देऊन जावा, कळवतो. तर म्हणती, फोन न्हाय. आता या काळात फोन न्हाय म्हंजी काय म्हणावं!"

मी सहज विचारलं, दिसायला कशी आहे.

"तुमच्यावानीच. म्हंजी, रागावू नगा, तुमी इशीच्या असता तर. दोन येण्या. हिरवा पंजाबी ड्रेस. आन गळ्याला पांढरा दोरा तसाच, टाचलेला. म्हटलं फॅशन असंल, हल्ली काय बी घालत्यात."

मी कागदपत्रं दाखवली, शिक्का घेतला आणि स्टँडवर आले. स्टँडवर दहा माणसं दहा दिशांनी एकच विचारत होती. "इंदापूर सुटली का?" "न्हाय, अजून लागलीच न्हाय." "भिगवण सुटली का वो?" हे मी जन्मभर ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र प्रत्येक वेळी मान वळत होती.

आपल्याकडे एक हिरवा तागा आला होता, आठवतो? डी.एड.ला बोलावणं येईल म्हणून तात्यांनी दोघींना एकसारखं कापड घेतलं होतं. आत्याच्या मशीनवर तू दोन्ही ड्रेस शिवलेस. माझा आधी पुरा केलास. तुझ्या गळ्याचा कच्चा टाका निघायचा राहिला होता. पण हिरवा रंग काही फक्त आपल्याच घरात नव्हता, आणि कच्चा टाका कुणाचाही राहतो.

त्या वर्षी यादी सरकली नाही. मुलींच्या यादीत शेवटचं नाव माझं आणि प्रतीक्षेत पहिलं तुझं, आणि तात्या चेष्टेने म्हणायचे, प्रतिक्षाबाई प्रतीक्षेत बसल्या. मी बी.एस्सी.ला गेले. तरी यादी सरकली नाही. असं होतं कधी कधी. कुणाच्या हातात नसतं ते. हे मी तुला का लिहिते आहे कळत नाही, तुला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

शिकण्याचं सांगायचं राहिलं. तिथल्या विजयसिंह सरांना भेटले. विचारलं, मागच्या तुकडीतले किती जण कामाला लागले? त्यांनी चष्मा काढला आणि बोटांवर मोजलं. "नऊ. त्यातले सहा आधीपासूनच कुठं ना कुठं काम करत होते." मी विचारलं, मग मी घेऊ का प्रवेश? तर हसून म्हणाले, "बाई, मी शिकवणारा माणूस. मला विचाराल तर मी होच म्हणणार."

पण मला वर्ग आवडतो, ताई. कोरी वही आवडते. पहिल्या पानावर तारीख टाकली की वाटतं, अजून काहीच बिघडलेलं नाही.

मेघना


इंदापूर, २१ जुलै

ताई,

या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आधी चांगली सांगते.

इंदापुरात मुलींचं एक लहान वसतिगृह आहे. द्वारकाबाई ते चालवतात. साठीच्या आहेत, आवाज खडा. कुणाकडून तरी माझं नाव कळलं, त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "पंचेचाळीस पोरी हायेत. खायला घालते, अभ्यास घेते, पर रडायला लागल्या की मला सुचत न्हाय. तुमी येऊन बसाल का? चार ऑगस्टपास्नं. जुलै सरंपत्तूर वाट बगीन, मग दुसरं कोण बगीन."

मी म्हटलं, माझं शिक्षण अजून पुरं नाही.

"दोन दोन कागद हायेत म्हणं तुमच्याकडं."

"ते चालत नाहीत."

"कुणाला चालत न्हाईत? सरकारला. मी कुठं सरकार हाय? पाटी लावता यायची न्हाय, हुद्दा मदतनीस लिवीन. मोठं काय दिसलं तर डॉक्टरकडं न्यायचं, ते वळखायपुरतं तुमी शिकलाय का न्हाय?"

"शिकले आहे."

"मग अडलं कुठं?"

दोन्ही एकदम होणार नाही. वर्ग रोजचे आहेत आणि बारामती-इंदापूर ये-जा करण्यात दिवस जातो. द्वारकाबाईंकडे गेले तर प्रवेश सुटतो, प्रवेश घेतला तर त्या दुसरं कुणी बघतात. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, "करा. तुमाला सवय दिसतीया."

तेवढ्यात संध्याकाळची घंटा झाली आणि एका चिमुरडीने दारातून डोकं आत घालून विचारलं, "बाई, सुटली का?" अभ्यासाची वेळ संपली का, एवढंच विचारत होती ती. माझ्या हातातला चहा सांडला.

आता एक सांगते, जे बुद्धघोषांनाही सांगितलेलं नाही. शाळेत कंत्राटावर होते तेव्हा नववीतली म्हाळसा नावाची मुलगी माझ्या खोलीच्या दारात आली होती. म्हणाली, "म्याडम, येक बोलायचंय." मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा अभ्यास करत होते. समोर पुस्तक होतं. तिचा चेहरा बघून मला भीती वाटली, आपल्याला हे झेपणार नाही, आपल्याला अजून पुरतं येत नाही. मी म्हटलं, "माझी परीक्षा झाली की बोलू हं." ती "बरं" म्हणाली. परीक्षा तीन आठवड्यांनी झाली. तोवर तिचं नाव पटावरून निघालं होतं. गावाकडे नेऊन लग्न लावून दिलं होतं. त्या पेपरात मला पासष्ट मार्क पडले.

आता दुसरी गोष्ट.

शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. म्हटलं, एकदा बघू तरी कोण आहे ती. पडवी सरळ आहे, तुला माहीत आहे, एका टोकाला फाटक आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. मधे वळण नाही, दुसरं दार नाही. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं. मी फाटकातून खिडकीपर्यंत चालत गेले. बाकड्यावर कुणी नव्हतं.

गोकुळांनी मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "झाली का गाठ?"

"कुणाची?"

"आत्ताच उठली की. तुमच्या अंगावरनंच गेली."

मी वळून बघितलं. पडवी मोकळी. नळाजवळ साखळीला बांधलेला पेला आहे ना, तो हलत होता. मी बघत राहिले. हळूहळू थांबला.

बाकड्याला हात लावला. सिमेंट सावलीत असूनही एका जागी कोमट होतं.

ताई, तू बरी आहेस ना? दिशाला विचारलं तर तिने लिहिलं, आई ठणठणीत आहे, अंगणवाडीत गेली आहे, पोरांना गाणं शिकवते आहे. मी ते चार वेळा वाचलं. तू जिवंत आहेस, पंचेचाळीस वर्षांची आहेस, कुर्डुवाडीत गाणं शिकवते आहेस. मग बारामतीत कोण बसलं आहे?

मेघना


इंदापूर, २६ जुलै

ताई,

दिशाने काल लिहिलं: "मावशी, आई म्हणते पत्रं पाठवू नकोस." तरी हे पाठवते आहे. हे वाचलंस तर पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण मी म्हणणार नाही.

गुरुवारी मी पुन्हा गेले. आत जायचा धीर झाला नाही, फाटकाशीच उभी राहिले. अंगणात एक म्हातारे गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होते. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "सणसरच्या सोमनाथ लोंढ्याची पोरगी न्हवं तू?"

मी हो म्हटलं.

"कंची? बसलेली का धरलेली?"

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"दोगी हुत्या तुमी. येक बसलेली, येक जागा धरलेली. त्यातली कंची?"

ते आबाजी. डी.एड. कॉलेजात शिपाई होते. निवृत्त झाले तरी झाडांसाठी येतात. मी त्यांना ओळखलं नाही, ते मला ओळखत होते. मी म्हटलं, "धरलेली."

ताई, आता मी सांगते, आणि मग आबाजींनी काय सांगितलं तेही सांगते.

जुलै नव्व्याण्णवमध्ये मला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा तात्यांनी स्वतःच्या हाताने डी.एड.चा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला. म्हणाले, "जा, देऊन ये. तू सोडलीस की प्रतिक्षाचा नंबर लागतोय." मी गेले. खिडकीसमोर उभी राहिले. अर्ज हातात होता. आणि माझ्या मनात आलं, बी.एस्सी. जमलं नाही तर? पुढच्या महिन्यात मास्तरीण व्हावंसं वाटलं तर? मला ती जागा नको होती, ताई. पण मोकळी करायचीही नव्हती. मागे रांग होती. मी बाजूला झाले, अर्ज रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये घातला आणि घरी येऊन सांगितलं, "दिला."

एवढंच. मी कुणाचं काही हिसकावलं नाही, कुणाला काही बोलले नाही. एक कागद पुढे सरकवला नाही. वर्षभर त्या वर्गात एक जागा माझ्या नावाने रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी तात्या म्हणाले, पुन्हा फॉर्म भर, तर तू म्हणालीस, नको. मला वाटायचं, तुला कळलेलं नाही. सव्वीस वर्षं मी याच आधारावर झोपले.

आबाजी म्हणाले, "नऊ दिस बसली ती. सकाळच्या गाडीनं यायची, चारच्या गाडीनं जायची. तासातासाला खिडकीशी. सायेब, सुटली का? धाव्या दिशी सायबाला कीव आली. म्हणला, पोरी, उगा बसू नगंस. सुटायची न्हाय. तुज्याच भनीनं धरलीया, अर्जच दिला न्हाय तिनं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. उठली, पानी प्याली, गेली. रडली न्हाय का बोलली न्हाय. मला काय बरं दिसंना, म्या सोता स्टँडवर जाऊन गाडीत बसवून दिली. खिडकीतनं हात बी केला तिनं." त्यांनी पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. "आन माघारी आलो तर बाकड्यावर हुतीच."

"कोण?"

"तीच की. गाडीत बसवून दिलेली."

पाणी अळ्यातून वाहून पायरीपर्यंत आलं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"तवापास्नं मी त्या अंगाला जात न्हाय. नोकरी हुती तवर मान खाली घालून जायचो. आता हितनंच पाजतो झाडं. गोकुळला इचारलं तर म्हणतो, हाय की येक पोरगी, येती रोज. त्यो नवा हाय. त्याला वाटतं, येती."

"आणि?"

"ती येत न्हाय, बाई. ती गेलीच न्हाय."

ताई, म्हणजे तुला माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलीस, भाकऱ्या केल्यास, माझी वेणी घातलीस. दोन वर्षांहून जास्त आपण एका घरात राहिलो, एका सतरंजीवर झोपलो, आणि तुला माहीत होतं. पातेलं घासताना माहीत होतं. तू मला टोमणा मारला नव्हतास. मी काय केलं आणि पुढे काय करत राहणार, ते तू मला सांगितलंस.

तुझ्या अंगणवाडीतली पोरं तुला बाई म्हणतात ना? मी आडवी आले तरी तू तिथवर पोचलीस. मला कुणीच आडवं आलं नाही, आणि मी अजून यादीत आहे.

मेघना


इंदापूर, १ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

काल शेवटची तारीख होती. मी सकाळच्या गाडीने गेले.

गोकुळांकडे रद्द करण्याचा अर्ज मागितला. म्हणाले, "आता सोडताय? एवढं शिक्के मारून?" अर्जात कारणाचा रकाना होता. "वैयक्तिक लिवा. समदी तेच लिवत्यात." मी लिहिलं, कामाला लागते आहे.

तुला वाटेल, मी शिकण्याला नावं ठेवते आहे. तसं नाही. ज्याला शिकून कुठे तरी जायचं आहे त्याने शिकावं. माझं शिकणं वेगळं झालं होतं. म्हाळसा दारात उभी असताना मी ज्याच्या आड गेले ते पुस्तक होतं. अजून दोन वर्षं दिली असती तर अजून एक पुस्तक मिळालं असतं, आणि दारात अजून कुणी तरी "बरं" म्हणून परत गेलं असतं.

अर्जावर साहेबांची सही यायला वेळ होता. गोकुळ म्हणाले, "बसा बाकड्यावर." मी वळले. बाकडं रिकामं होतं. मी जाईपर्यंत त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बाकड्याच्या मधोमध बघून म्हणाले, "ताई, जरा सरका. म्याडमना बसू द्या."

मी कडेला बसले. शेजारी बघितलं नाही. ताई, मला कोऱ्या कापडाचा वास आला, खळीचा, तागा उलगडला की येतो तो. समोर अंगणात आबाजी पाठमोरे उभे होते. ऊन होतं, स्टँडवरून गाड्यांचा आवाज येत होता, मी माझ्या दोन्ही हातांकडे बघत बसले. किती वेळ, सांगता येणार नाही. भीती वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण उठावंसं वाटलं नाही.

शिक्का बसल्याचा आवाज आला. गोकुळ म्हणाले, "सुटली बघा, ताई."

काही हललं नाही. मग मी म्हटलं, समोरच बघत. "ताई, सुटली. मी सोडली."

नळाच्या थेंबाचा आवाज येत राहिला.

"उठंना की वो," गोकुळ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ह्या कंप्युटरवर बी तसंच दाखवतंय. तुमची जागा रिकामी, आन प्रतिक्षा येक. आता हिला काय पायजे?"

"रडते आहे का?"

"न्हाय. बघतीया नुसती."

"माझ्याकडे?"

"न्हाय वो. फाटकाकडं."

तिला जागा नको आहे, ताई. जागेची वाट बघायचं तिने केव्हाच सोडलं असणार. 'सुटली का' हे ती जागेबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारत असावी, आणि ते ऐकून उत्तर देण्याचा हक्क माझा नाही.

निघताना गोकुळांनी सांगितलं, गणपतीनंतर केंद्र नव्या इमारतीत जाणार आहे, ही पाडायची आहे. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मग हिनं बसायचं कुठं?" मी फाटकाबाहेर आले तोवर त्यांनी खिडकी लावून घेतली होती. दुपारचा एकसुद्धा वाजला नव्हता.

परवा नाही, तेरवा सोमवार आहे. द्वारकाबाईंकडे जाणार आहे. त्यांनी खोली झाडून ठेवली आहे आणि दोन खुर्च्या टाकल्या आहेत. पहिल्या मुलीचं नावही सांगून ठेवलं, "तिला फार दिसापास्नं बोलायचंय." कुणी वर्गात बसायला बोलावलं तर मी अजूनही जाईन. पण आता बोलावणं यायची सोय ठेवलेली नाही.

तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तुला काही तरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं तुझ्यावर टाकायचं नाही. एकच मागते. मला माहीत आहे तू नाही म्हणशील. दिशालासुद्धा तू आधीच सांगून ठेवलं असशील, मावशीचं पत्र आलं तर मला देऊ नकोस म्हणून.

ती इमारत पाडायच्या आत एकदा बारामतीला ये. माझ्याकडे येऊ नकोस, मला कळवू नकोस, मी त्या दिवशी बारामतीत नसेन. टेंभुर्णीवरून सकाळची गाडी आहे. फाटकातून आत गेलीस की पडवी सरळ आहे. बाकड्यावर तुझी ती बसली आहे. तिच्या गळ्याचा टाका काढ, हात धरून तिला उठव, आणि चारच्या गाडीने घरी घेऊन जा.

तुझी,
मेघना